तुरुंगातल्या आचाऱ्याला योसेफाने खरे का सांगितले?

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ४०व्या अध्यायात कैदी योसेफ फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, प्यालेबरदाराला त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगतो, की तीन दिवसांत तू सुटशील. ते ठीक. पण त्याच तुरुंगात असलेल्या फारोच्या आचाऱ्याला त्याच्या स्वप्नावरून ‘तीन दिवसांत तुला टांगतील आणि पाखरे तुझे मांस खातील’ असे तोंडावर सांगायची काय गरज होती? ‘मला अर्थ लागत नाही’ म्हणून सुटका करून घेता आली नसती का? प्रश्नाला एक शेपूटही आहे: चर्चच्या मंडळीत कुणी स्वप्न घेऊन आले, तर पाळकाने काय करावे?

मी अनेक वर्षे जुना करार शिकवते आहे आणि रुग्णांच्या भेटीलाही जात असते. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही भेटतो आणि खाटेशेजारीही. माझे उत्तर आधी सांगून टाकते. योसेफाला सुटका करून घेता आली असती. ती त्याने करून घेतली नाही, हे बरे केले. मात्र ‘सत्य ते सांगायलाच हवे, मग कुणाला काही का वाटेना’ असला धडा मी या अध्यायातून काढत नाही. हिब्रू शास्त्रात वाईट अर्थ सांगणाऱ्यावर एक वेगळेच बंधन दिसते. त्याने तोडगा विकायचा नाही. ऐकणाऱ्याच्या हातात अजून काही असेल, तर ते त्याला दाखवायचे. काहीच उरले नसेल, तर असल्याचा भास निर्माण करायचा नाही.

आता तो अध्याय सावकाश वाचा. योसेफ तिथे ज्योतिषी म्हणून बसलेला नाही. पहारेकऱ्यांच्या सरदाराने त्याला त्या दोघा अधिकाऱ्यांच्या सेवेला लावले आहे, म्हणजे कैद्यांमध्येही तो खालचाच. सकाळी तो आत जातो, दोघांचे चेहरे उतरलेले पाहतो आणि विचारतो, आज तुमची तोंडे अशी का? ही चौकशी त्याने स्वतःहून केली, हे बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटते. ते म्हणतात, स्वप्न पडले आहे, पण अर्थ सांगणारा कोणी नाही.

‘कोणी नाही’ म्हणजे व्यावसायिक कोणी नाही. मिसरात त्याची पोथी असे. देर अल-मदीना या कारागिरांच्या वस्तीत सापडलेला एक पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ही प्रत इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमाराची. त्यात स्वप्नांची यादीच आहे: माणसाने स्वप्नात स्वतःला अमुक करताना पाहिले तर चांगले, तमुक करताना पाहिले तर वाईट. ‘वाईट’ हा शब्द लाल शाईने लिहिलेला आहे. त्याच पोथीत वाईट स्वप्नावरचा उतारासुद्धा दिलेला आहे: भाकरी, बिअरमध्ये भिजवलेला हिरवा पाला, तो चेहऱ्याला चोळायचा आणि मंत्र म्हणायचा. बाबेलकडेही (बॅबिलोनमध्ये) अपशकुन परतवण्याचे विधी होते, आणि त्यांचे तज्ज्ञही होते. थोडक्यात, त्या काळच्या जगात वाईट स्वप्न हा निदान आणि औषध एकाच दुकानात मिळणारा आजार होता. योसेफाची गोष्ट इतिहासात नेमकी कुठे बसवायची हा वाद बाजूला ठेवला, तरी ती ज्या दरबाराचे चित्र काढते त्या दरबारात ही सोय अध्याहृत आहे.

योसेफ म्हणतो, अर्थ सांगणे देवाकडे आहे. मला सांगा तर खरे. आधी प्यालेबरदार बोलतो. द्राक्षवेल, तिला तीन फांद्या, कळ्या, फुलोरा, पिकलेले घड. मी ते पिळले, प्याला फारोच्या हातात दिला. सगळी क्रियापदे त्याची स्वतःची. अर्थ चांगला निघतो. मग मजकुरात एक छोटे वाक्य येते, आणि सगळा प्रश्न त्या वाक्यावर उभा आहे: अर्थ चांगला सांगितला हे आचाऱ्याने पाहिले, तेव्हा तो बोलला. आचारी अर्थ विचारायला आला नव्हता. तो चांगला अर्थ मागायला आला होता.

त्याच्या स्वप्नात डोक्यावर तीन टोपल्या आहेत, वरच्या टोपलीत फारोसाठी केलेले भट्टीतले पदार्थ आहेत, आणि पाखरे ते खात आहेत. तो काय करतो? काहीच नाही. पाखरे हाकलतही नाही. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राहामाने करारासाठी कापून मांडलेल्या पशूंवर हिंस्र पाखरे उतरतात, तेव्हा तो त्यांना हाकलतो. ती ओळ लक्षात ठेवून हे स्वप्न वाचले की अंगावर काटा येतो. स्वतःच्या डोक्यावरचे अन्न जाताना पाहणारा माणूस स्वप्नातच हरलेला आहे.

मग योसेफ तेच वाक्य वापरतो जे त्याने आधीच्याला सांगितले होते: तीन दिवसांत फारो तुझे डोके वर करील. फक्त या वेळी ‘तुझ्यापासून’ हा शब्द पुढे जोडतो, आणि वाक्य उलटे होते. काही विद्यार्थी याला योसेफाचा क्रूर विनोद म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण त्यांचे म्हणणे मी खोडूनही काढत नाही. निवेदकाला हा खेळ आवडला आहे, हे उघड आहे. पुढे तिसऱ्या दिवशी, फारोच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, तो तेच शब्द दोघांसाठी पुन्हा एकदा वापरतो.

आचाऱ्याचे उत्तर लिहिलेले नाही. त्याने शिव्या दिल्या, रडला, घरी निरोप पाठवला, काही कळत नाही. योसेफाने त्याला काही सल्ला दिल्याचेही लिहिलेले नाही. हे मला महत्त्वाचे वाटते. ‘प्रार्थना कर म्हणजे टळेल’ असे तो म्हणत नाही. ‘फारोला अर्ज कर, मी शब्द घालून देतो’ असे म्हणायला त्याची पत नव्हतीच. त्याच्याकडे तीन दिवस ही एकच गोष्ट होती आणि ती त्याने दिली. ‘मला अर्थ लागत नाही’ म्हटले असते तर ते तीन दिवसही गेले असते, आणि वर आचारी शेजारच्याच्या चांगल्या अर्थावर आपली आशा बांधून बसला असता. चेहरा का उतरला म्हणून विचारणाऱ्याने, उत्तर ऐकल्यावर, पाठ फिरवणे हे मला जास्त क्रूर वाटते. खाटेवरचा माणूस डोळ्यांत बघून ‘खरं सांगा’ म्हणतो, आणि नातेवाईक मागून हाताने ‘नको नको’ खुणावत असतात, तेव्हा मला हा अध्याय आठवतो. दर वेळी माझा निर्णय एकच असतो असे मात्र नाही.

योसेफाला ही समज जन्मतः नव्हती. सतराव्या वर्षी त्याने भावांना पेंढ्यांचे स्वप्न सांगितले, मग सूर्य, चंद्र आणि अकरा तारे मला नमन करतात हेही सांगितले. कुणी विचारले नव्हते. गंमत अशी की तिथे अर्थ तो लावत नाही. ऐकणारे लावतात, आणि लावताच त्याचा द्वेष करतात. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातल्या एका रब्बीने, म्हणजे धर्मपंडिताने, या स्वप्नावरच बोट ठेवले आहे: चंद्र म्हणजे आई म्हणावे, तर राहेल तेव्हा वारलेली होती. तेव्हा स्वप्न खरे ठरले तरी त्यातले सगळे खरे नसते, थोडा फोलपटाचा भाग असतोच, असे त्याचे म्हणणे. अर्थ सांगायला बसणाऱ्याने हे वाक्य भिंतीवर लावावे.

पुढे फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगायला उभा राहिलेला योसेफ तीस वर्षांचा आहे आणि पूर्ण बदललेला आहे. पहिलेच वाक्य: हे माझ्याकडे नाही. सात पुष्ट गाई, सात रोड गाई, कणसांची तीच कथा, म्हणजे सात वर्षे सुकाळ आणि सात वर्षे दुष्काळ; स्वप्न दोनदा पडले कारण गोष्ट ठरली आहे आणि लवकर होणार आहे. इथे दुष्काळ टळेल असे तो म्हणत नाही. पण न थांबता, कुणी न विचारता, पुढची योजना सांगतो: शहाणा माणूस नेमा, सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा गोळा करा, नगरांत साठवा. अटळ गोष्टीतही करण्याजोगे काय आहे ते दाखवणे, हा त्याचा खरा हुन्नर. दरबारी पंडितांकडे कमी काय होते, तर बहुधा हेच.

याला एक काळी किनार आहे, ती प्रवचनात सहसा येत नाही. ४७व्या अध्यायात दुष्काळात लोक आधी पैसा, मग गुरे, मग जमिनी आणि शेवटी स्वतःला फारोला विकतात, आणि तो पाचवा हिस्सा कायमचा होतो. सत्य सांगणाऱ्याच्या योजनेची किंमतही कुणाला तरी मोजावी लागली.

आता बाबेलच्या दरबारात बंदी असलेल्या यहुदी दानीएलाकडे वळू. त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला सोन्याच्या डोक्याचा आणि मातीमिश्रित पायांचा पुतळा सगळ्यांना माहीत असतो, त्यावर तक्ते छापले जातात, मी त्यावर वेळ घालवत नाही. माझ्या विषयासाठी चौथा आणि पाचवा अध्याय शेजारी शेजारी ठेवा. माणूस तोच, राजे दोन, आणि सांगण्याची रीत अगदी निराळी.

चौथ्यात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला आभाळाला भिडलेले झाड दिसते; एक पवित्र दूत ते तोडायला सांगतो, पण बुंधा लोखंड आणि पितळेच्या पट्ट्याने बांधून जमिनीत राहू द्या म्हणतो. स्वप्न ऐकून दानीएल घटकाभर गप्प होतो, त्याच्या मनातले विचार त्याला घाबरवतात. राजाच उलट त्याला धीर देतो. तेव्हा दानीएल म्हणतो, महाराज, हे स्वप्न आपल्या द्वेष्ट्यांना आणि त्याचा अर्थ आपल्या शत्रूंना लागू पडो. हे कोण कुणाला म्हणतो आहे ते पाहा. ज्याच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले, ज्याने याला लहानपणी उचलून आणले, त्या राजाला. ही नुसती दरबारी सभ्यता असेल असे म्हणणारे आहेत. मला त्या घटकाभराच्या मौनामुळे ते खरे वाटते. इतके झाल्यावर तो आडपडदा न ठेवता सांगतो: ते झाड म्हणजे आपण. माणसांतून आपल्याला हाकलतील, बैलासारखे गवत खाल, सात काळ लोटतील.

आणि मग सल्ला: नीतीने वागा, गरिबांवर दया करा, कदाचित आपले स्वास्थ्य लांबेल. ‘कदाचित’ हा शब्द मला या साऱ्या साहित्यातला सर्वात प्रामाणिक शब्द वाटतो. पाला चोळायचा नाही, मंत्र नाही, हमी नाही. बारा महिन्यांनी राजा बाबेलच्या राजवाड्याच्या गच्चीवर फिरत ‘हे थोर बाबेल मीच वसवले’ म्हणतो आणि अर्थ खरा होतो. तालमूदमध्ये, बावा बात्रा या भागात, या सल्ल्यावरून दानीएलाला चक्क दोषी धरले आहे: त्याला शिक्षा का झाली, तर त्याने नबुखद्नेस्सराला वाचण्याचा मार्ग सांगितला म्हणून. मंदिर जाळणाऱ्याला उपाय का सांगावा? ज्यांनी हे लिहिले त्यांचा राग मला कळतो. तरी माझा कौल दानीएलाला.

मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांमध्ये अरामी भाषेतला एक तुटका मजकूर मिळाला आहे. त्यात नबोनिद हा बाबेलचा राजा सांगतो, की तेमा इथे मी सात वर्षे दुखण्याने पिडलो होतो आणि एका यहुदी द्रष्ट्याने मला मार्ग दाखवला. दानीएलाच्या चौथ्या अध्यायाची ही चुलत कथा असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजाला आजारपणात खरे सांगणारा परका माणूस, हा साचा त्या काळी फिरत होता तर.

पाचव्या अध्यायातला राजा बेलशस्सर याच नबोनिदाचा मुलगा, हे बाबेलच्या इष्टिकालेखांवरून कळते. अर्थ सांगणाऱ्याला तो राज्यात ‘तिसरे’ स्थान का देऊ करतो, त्याचाही उलगडा बरेचजण यातून करतात: पहिला बाप, दुसरा स्वतः. त्या अध्यायात स्वप्न नाही, भिंतीवरची अक्षरे आहेत: मने, मने, तकेल, ऊफारसीन. आणि इथे दानीएल घटकाभर थांबत नाही. ‘शत्रूंना लागू पडो’ म्हणत नाही. तुझ्या देणग्या तुलाच ठेव, म्हणतो. आधी नबुखद्नेस्सराची सगळी हकिगत ऐकवतो आणि मग म्हणतो: हे सगळे तुला ठाऊक होते. मंदिरातली भांडी काढून त्यात दारू प्यालास. मोजले गेले, तोलले गेले, वाटले गेले. सल्ला नाही, ‘कदाचित’ नाही. त्याच रात्री राजा मारला जातो.

यावरून मी विद्यार्थ्यांना सांगते, की कठोर बोलणे किती मऊ करायचे हे ऐकणाऱ्याच्या दर्जावरून ठरत नाही. दोघेही राजेच. ते ठरते त्याला आधी काय माहीत होते आणि पुढे त्याच्या हातात काय उरले आहे यावरून. आचाऱ्याला काही माहीत नव्हते आणि हातातही काही नव्हते. म्हणून त्याला ना दटावणी मिळाली, ना सल्ला.

इस्राएलच्या घरात मात्र स्वप्नाचा अर्थ लावणारे जवळजवळ दिसत नाहीत. योसेफ आणि दानीएल दोघेही परक्या दरबारातले बंदी. मिद्यान्यांशी लढणाऱ्या गिदोनाच्या गोष्टीतले जवाच्या भाकरीचे स्वप्न मिद्यानी शिपायाला पडते आणि त्याचा अर्थ त्याचाच सोबती लावतो. गिदोन फक्त चोरून ऐकतो. घरात काम संदेष्ट्यांचे, आणि त्यांचा स्वप्नांवर विश्वास बेताचा. संदेष्टा यिर्मया म्हणतो, ज्याला स्वप्न पडले त्याने ते स्वप्न म्हणून सांगावे. भुसा आणि गहू यांचा काय संबंध? दावीद राजाला त्याचे पाप तोंडावर सांगणाऱ्या नाथानावर सगळेच बोलतात, म्हणून ते सोडते. संदेष्टा मीखायाची कथा मला जास्त उपयोगी वाटते. इस्राएलचा राजा अहाब याच्या पदरी चारशे संदेष्टे, सगळे ‘चढाई करा, जय होईल’ म्हणणारे. मीखायाला आणायला गेलेला दूत वाटेत त्याला समजावतो, की तूही बाकीच्यांसारखेच बोल. आणि मीखाया राजापुढे येऊन खरोखर तसेच बोलतो: जा, जय होईल! त्याचा सूर काय असेल ते अहाबाच्या चिडण्यावरून ओळखावे. खरे सांग, असे किती वेळा शपथ घालून सांगू? अहाबाने मागितले म्हणून खरे मिळाले, आणि मिळाल्यावर त्याने मीखायाला तुरुंगात टाकून वेष पालटून लढाईला जाणे पसंत केले.

याच्या उलट शिलो इथल्या मंदिराचा याजक एली. त्याच्या हाताखालच्या पोराला, शमुवेलाला, रात्री देवाकडून जे ऐकू आले ते एलीच्याच घराण्याचा नाश सांगणारे. पोरगे सकाळपर्यंत पडून राहते, मंदिराची दारे उघडते, सांगायला भिते. एली त्याला ‘माझ्या मुला’ म्हणून हाक मारतो आणि शपथ घालतो: काही लपवू नकोस. सगळे ऐकल्यावर एवढेच म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते करो. कठोर सत्य सांगणाऱ्याबद्दल आपण फार बोलतो; सांगणाऱ्याला मोकळे करणारा ऐकणारा शास्त्रात हा एकच मला इतका जवळून दिसतो. एली वाईट बाप होता, पण त्या सकाळी तो चांगला वडीलधारा होता.

पाळकांनी वाचावीच अशी हकिगत तालमूदच्या बेराखोत भागात आहे. बार हेद्या नावाचा स्वप्नांचा अर्थ सांगणारा होता. जो पैसे देई त्याला चांगला अर्थ, न देणाऱ्याला वाईट. अबाये आणि रावा हे दोन मोठे पंडित एकच स्वप्न घेऊन जात. अबाये नाणे देई, रावा देत नसे. दोघांना स्वप्नात शास्त्रातले एकच वचन ऐकू आले: तुझा बैल तुझ्या डोळ्यांदेखत कापतील. अबायेला सांगितले, धंद्यात इतका नफा होईल की आनंदाने जेवण जाणार नाही. रावाला सांगितले, धंदा बुडेल आणि दुःखाने घास उतरणार नाही. असे करत करत रावाची बायको गेली. पुढे बार हेद्याच्या हातून पोथी पडली. रावाने उघडून पाहिली तर आत लिहिलेले: सगळी स्वप्ने तोंडामागे जातात. म्हणजे सांगणारा जसे सांगेल तसे. रावाने त्याला शाप दिला. बाकी सगळे माफ केले, बायकोचे नाही.

ही हकिगत अक्षरशः घडली का, हा प्रश्न मला पडत नाही. वाईट अर्थ उच्चारणे हे कृत्य आहे, माहिती नव्हे, हे त्या पंडितांना पक्के कळले होते. म्हणूनच त्यांनी पुढे एक रीतही घातली: स्वप्नाने मन खिन्न झाले तर तीन मित्र बोलवावेत, ‘चांगले स्वप्न पाहिले’ म्हणावे, आणि त्यांनी ‘चांगलेच आहे, चांगलेच होवो’ म्हणावे. हा तोडगाच नाही का, असे कुणी विचारील. थोडासा आहे. पण त्यात विकणारा नाही, आणि तिघे मित्र माणसासोबत बसतात.

आता प्रश्नाचे शेपूट. कुणी स्वप्न घेऊन आले तर आधी योसेफासारखे चेहऱ्याकडे पाहा आणि काय चालले आहे ते विचारा; बऱ्याचदा स्वप्नाच्या आधी कर्ज, आजार किंवा सुनेशी भांडण असते, आणि काम तिथे असते. ‘देवाने मला दाखवले’ असे म्हणू नका. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात स्वप्न पाहणाऱ्याची परीक्षा चिन्ह खरे ठरण्यावर सोडलेली नाही, तो लोकांना कुणाकडे नेतो यावर आहे. पैसे, साडी, काही घेऊ नका. दुसऱ्याच्या मरणाचे स्वप्न पडले म्हणून कुणी आले, तर ते त्या दुसऱ्यापर्यंत पोचवायची जबाबदारी घेऊ नका. त्याने विचारलेले नाही. दुखण्याचे असेल तर डॉक्टरकडे पाठवा. अर्थ लागत नसेल तर तसे स्पष्ट म्हणा. आणि चांगले स्वप्न पडलेला माणूस ‘हे कधी खरे होईल’ म्हणून मागे लागला, तर त्याला बेराखोतमधला लेवी रब्बीचा हिशेब सांगा. योसेफ स्वप्नाच्या वेळी सतराचा, फारोपुढे तिसाचा. त्यावर सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे, तेव्हा कुठे भाऊ येऊन वाकले. म्हणून चांगल्या स्वप्नाची वाट बावीस वर्षांपर्यंत पाहावी, असे तो म्हणतो.